पैलवानाच्या बाटल्या आणि भावोजींचा आलेख

पैलवान आयुष्यात एकदाही कुस्ती खेळला नव्हता. पण खांदे असे होते की अरुंद दारातून आत येताना तो जरा तिरका व्हायचा, आणि शाळेत कुणीतरी ठेवलेलं हे नाव त्याला कायमचं चिकटलं. बुटांच्या दुकानाखालच्या तळघरात त्याची जिम होती. बसकं छत, एका भिंतीला आरसे, दुसरीला ओल, आणि कोपऱ्यात एक छोटा फ्रीज. त्या फ्रीजच्या दारात, अंडी ठेवायच्या खाचांमध्ये, बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या बाटल्या उभ्या असायच्या. आत चिमूटभर पांढरी पूड.

"हे स्टेरॉइड नाही हं," विचारणाऱ्याला तो आधी बजावायचा. "हे पेप्टाइड. बाहेरून काही भरायचं नाही. आपल्याच शरीराला सांगायचं, बाबा रे, तुझ्याकडचं ग्रोथ हार्मोन जरा सैल हाताने सोड. बस."

कुठलं चांगलं, असं विचारलं की तो खुलायचा. जुना शिंपी कापडाबद्दल बोलतो तसा बोलायचा. हे घेतलं की भूक अशी खवळते की माणूस ताटसुद्धा खाईल. ते घेतलं की भूक नाही, पण असर मऊ. तिसऱ्याचा असर लांबतो, पण हातपाय जड होतात. हे सगळं तो मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकला होता आणि स्वतःवर करून बघत होता. त्याचा त्यावर मनापासून विश्वास होता. फसवायचं असं त्याच्या डोक्यातही नव्हतं.

त्याला एकच बहीण, मोठी. ताई एका लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर काम करायची. तिचे यजमान पाट्या रंगवणारे पेंटर. पैलवान त्यांना भावोजी म्हणायचा आणि त्यांच्यावर जीव टाकायचा, कारण आईवडील गेल्यावर त्याला कॉलेजात घालण्यापासून जिमचं पहिलं भाडं भरण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं होतं आणि पुन्हा कधी बोलून दाखवलं नव्हतं.

हे भावोजी एका दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून पडले. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. थोडा वेळ शुद्ध हरपली. हॉस्पिटलात टाके पडले, स्कॅन झाला, आत रक्तस्राव नाही म्हणाले, आणि ते घरी आले. थोडक्यात निभावलं, असं जो तो म्हणाला. ताईलाही तसंच वाटलं.

पण हळूहळू माणूस बदलत गेला. आधी दुपारची झोप लांबली. मग सकाळी उठणं जिवावर यायला लागलं. रात्रभर झोपूनही भावोजी उठायचे ते ओझी वाहून आल्यासारखे. पोट सुटलं, दंड मात्र बारीक झाले. ब्रश हातात घेऊन कोऱ्या पत्र्याकडे नुसते बघत बसायचे. ज्या माणसाने चालत्या रस्त्यावर, बाजूने ट्रक जात असताना, एका दमात सरळ रेष ओढली होती, त्याला आता ब्रश धुवायचाही कंटाळा येत होता. नेहमीच्या डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं आणि मन रमवायला सांगितलं. शेजारी म्हणाले, हल्ली सगळ्या पाट्या छापूनच मिळतात, म्हणून बिचाऱ्याने हाय खाल्ली. नातेवाईक तोंडावर काही म्हणाले नाहीत, पण पाठीमागे ‘अंग चोरतो’ म्हणायला कमी केलं नाही.

एकदा ताई दिवसभर उभी राहून घरी आली, तर भावोजी सकाळी ज्या सोफ्यावर बसले होते तिथेच. ओला टॉवेलही तसाच मांडीवर.

"तुम्हाला काही करायचंच नाहीये," ती म्हणाली.

"असेल," भावोजी म्हणाले.

भांडले असते तरी तिला बरं वाटलं असतं. त्या ‘असेल’ने ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली.

पैलवानाला हे बघवेना. एका दुपारी त्याने भावोजींना जिममध्ये बोलावून घेतलं, बाकावर बसवलं आणि फ्रीज उघडला.

"ताईला सांगू नका. ती उगाच घाबरते. पोटाच्या कातडीत बारीकशी सुई. महिनाभरात बघा, शिडी एका हाताने उचलाल."

भावोजींनी शर्ट वर केला. हो म्हणायला कष्ट पडत नाहीत आणि नाही म्हणायला पडतात, अशा अवस्थेत ते होते.

महिना गेला, दुसरा गेला. काही नाही. पैलवानाने बाटली बदलली. मग पुन्हा बदलली. भावोजी होते तिथेच. ज्या बाटलीने जिममधल्या बाकीच्यांना लांडग्यासारखी भूक लागायची, तिच्यानंतर भावोजी अर्धी पोळी टाकून उठायचे.

"भावोजी, निदान भूक तरी लागू द्या हो!" पैलवान वैतागून म्हणाला. आपल्या मालाचा कुणीतरी जाहीर अपमान करतंय असं त्याला वाटत होतं. पण खरं सांगायचं तर तो आतून हादरला होता. जे जगात सगळ्यांना लागू पडतं म्हणून तो शपथेवर सांगायचा, ते नेमकं त्याच्या घरच्या माणसाला लागू पडत नव्हतं.

अशात जिममध्ये येणाऱ्या एका क्लार्कने त्याला मोबाइलवर एक सूचना दाखवली. क्लार्क मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला होता. तिथल्या हार्मोन विभागात ग्रोथ हार्मोन सोडायला लावणाऱ्या दोन पेप्टाइडांची तुलना चालू होती, आणि त्यासाठी माणसं हवी होती. काही निरोगी, काही पूर्वी डोक्याला मार लागलेली.

पैलवानाने मांडीवर थाप मारली. "वा! म्हणजे कुठलं सरस त्याचा एकदाचा निकाल लागणार! आणि आम्ही दोघं दोन्हीकडून बसतो. मी निरोगी, भावोजी मार लागलेले."

ताईला सुट्टी होती, म्हणून तीही बरोबर आली. हार्मोन विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. लांबट खोली, खिडकीशी कुंड्या, टेबलावर निवून गेलेली कॉफी. डॉक्टर चाळिशीच्या, किडकिडीत बाई होत्या आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत मधे बोलत नव्हत्या. त्यांनी पैलवानाला विचारलं, "सध्या काही औषधं, इंजेक्शनं चालू आहेत?"

पैलवानाने छाती फुगवून बाटल्यांची नावं घेतली. डॉक्टरांनी ती लिहून घेतली आणि पेन खाली ठेवलं.

"मग तुम्ही चालणार नाही."

"म्हणजे?"

"आम्हाला तुमचं शरीर स्वतःहून काय करतं ते बघायचंय. तुम्ही त्याला रोज बाहेरून डिवचताय. आधी बंद करा. काही आठवडे जाऊ द्या. मग तपासून घेऊ."

आख्ख्या जिममधला सगळ्यात धडधाकट माणूस पहिल्याच प्रश्नात बाद झाला होता. तो काही बोलायच्या आत भावोजी शांतपणे म्हणाले, "मग मीही चालणार नाही. मलाही देतो हा. पोटात."

ताईने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग भावाकडे. लिफ्टपाशी आल्यावर ती बोलली.

"माझ्या नवऱ्याच्या पोटात काय टोचत होतास ते तुला तरी माहीत होतं का?"

"ताई, बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असतं..."

"बाटलीवर मीसुद्धा काहीही लिहीन!"

"अगं, मीच हो म्हटलं होतं," भावोजी मधे पडले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही हल्ली कशालाही हो म्हणता." आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मला कुणीच काही सांगत नाही. मी काय परकी आहे?"

लिफ्ट आली, दार उघडलं, पुन्हा बंद झालं. तिघंही जिन्याने खाली उतरले.

त्यानंतर ताईने भावाशी बोलणं टाकलं. पण जिमचे टॉवेल ती लाँड्रीत धुऊन, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालून पाठवत राहिली, त्यामुळे पैलवानाला फार निराश व्हायचं कारण नव्हतं. त्याने बाटल्या बंद केल्या, स्वतःच्याही. सुरुवातीला आपण फुसके होत चाललोय असं त्याला रोज आरशात दिसायचं. मग लक्षात आलं, की वजनं तेवढीच उचलली जाताहेत आणि हातांची सूज, जिला तो इतके दिवस ताकद समजत होता, ती उतरली आहे.

ठरलेल्या मुदतीनंतर दोघं पुन्हा गेले. या वेळी डॉक्टरांनी दोघांनाही घेतलं. दोन वेगवेगळ्या दिवशी यायचं, उपाशीपोटी. एका दिवशी एक पेप्टाइड, दुसऱ्या दिवशी दुसरं. कुठलं कधी ते त्यांना सांगितलं नव्हतं. हातात एक सुई लावून ठेवलेली, तिच्यातून सिस्टर थोड्या थोड्या वेळाने रक्त काढून घ्यायच्या. मागे रेलता येईल अशा खुर्च्या होत्या. पैलवान त्याच्या खुर्चीत मावत नव्हता, म्हणून अर्धा बाहेर लोंबत होता.

"सिस्टर, माझा आकडा किती आला?"

"अजून रक्त नळीतच आहे हो."

"अंदाजे?"

"अंदाजे तुम्ही गप्प बसलात तर मला मोजता येईल."

भावोजी हसले. आवाज न करता, पण हसले. पैलवानाने ते बघितलं आणि पुढचा सगळा वेळ सिस्टरना मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारत राहिला.

दुसऱ्या खेपेला इंजेक्शन देताच पैलवानाचा चेहरा लालबुंद झाला आणि पोटात कावळे ओरडायला लागले. त्याला ते ओळखीचं होतं. बाजूला बघितलं, तर भावोजी खिडकीबाहेर बघत बसलेले. चेहरा जसाच्या तसा.

निकालासाठी डॉक्टरांनी तिघांनाही बोलावलं. दोघांचे आलेख एकमेकांशेजारी दाखवले तर चालेल का, असं त्यांनी आधी विचारून घेतलं आणि मग स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"हे तुमच्या भावाचे," त्या ताईला म्हणाल्या. "पहिल्या पेप्टाइडला एक टेकडी. दुसऱ्याला त्याहून उंच."

"किती उंच?" पैलवान पुढे सरकला. "म्हणजे बाकीच्यांपेक्षा?"

"सर्वसाधारण."

"सर्वसाधारण?"

"अगदी चारचौघांसारखं. ही चांगली बातमी आहे." त्यांनी दुसरा आलेख मोठा केला. "आता यांचे बघा."

पहिल्या पेप्टाइडला भावोजींचीही टेकडी होती. ठेंगणी, पण टेकडी. दुसऱ्याला काहीच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट रेघ.

डॉक्टर सावकाश सांगत गेल्या. डोक्याच्या मधोमध वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्यूटरी. ग्रोथ हार्मोन तिथे तयार होतं. ती खालच्या मजल्यावरची कारागीर समजा. काम कधी करायचं ते सांगणारा साहेब मेंदूत, वरच्या मजल्यावर. मधे एक नाजूक देठ, त्यातून निरोप खाली जातात. "पहिलं पेप्टाइड थेट ग्रंथीपाशी जाऊन तिला उठवतं. दुसरं तिच्याशी थोडं बोलतं, पण त्याचा खरा जोर वरून, साहेबामार्फत. दोन्हींत फरक काय, आणि तो फरक डोक्याला मार लागलेल्या माणसांत काही सांगतो का, हेच आम्ही बघतोय."

"म्हणजे कुठलं सरस असं नाहीच?" पैलवानाने विचारलं.

"दोघांची कामं वेगळी आहेत. यांची कारागीर जिवंत आहे. पण वरून निरोप येत नाहीये. पडले तेव्हा बहुतेक त्या देठाला धक्का बसला. साध्या स्कॅनमध्ये ते दिसलं नसेल."

पैलवानाच्या डोक्यात एक एक गोष्ट जागेवर बसत होती. "मी यांना दिलेल्या सगळ्या बाटल्या..."

"दुसऱ्या जातीच्या. आत खरोखर तेच असेल तर. साहेबाची तार तुटलेली, आणि तुम्ही साहेबालाच फोन करत होतात."

भावोजी इतका वेळ स्क्रीनकडेच बघत होते. त्यांनी बोट पुढे करून सपाट रेघेवरून हवेत फिरवलं.

"डॉक्टर, हे असं असल्यावर माणसाला थकवा येतो?"

"येतो."

"काही करावंसं वाटत नाही, असंही?"

"हो. पोट सुटतं, स्नायू जातात, उत्साह जातो. सगळंच यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण बरंचसं."

"म्हणजे मी आळशी नाहीये."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही आजारी आहात. आणि यावर उपाय आहे."

मग ताईने पदराने नाही, रुमालाने नाही, सरळ तळहाताने डोळे पुसले आणि नवऱ्याचा दंड घट्ट धरला. "मी तुम्हाला काय काय बोलले," एवढंच ती म्हणाली.

"मलाही तेच वाटत होतं की," भावोजी म्हणाले. "तू एकटीच थोडी बोलत होतीस."

डॉक्टरांनी घाई केली नाही. एका चाचणीवर त्या निकाल द्यायला तयार नव्हत्या. एमआरआय झाला, त्यात देठाला झालेली इजा दिसली. बाकीची हार्मोन्स तपासली. थायरॉइडही जरा खाली होतं, त्याची गोळी आधी सुरू झाली. मग ग्रोथ हार्मोनचं रोजचं बारीक इंजेक्शन ठरलं. पहिलं पेप्टाइड त्यांना चालतं, तर तेच का देऊ नये, हा पैलवानाचा प्रश्न ऐकून डॉक्टर पहिल्यांदाच मनापासून हसल्या.

"विचार बरोबर दिशेने आहे. पण त्याचा असर लवकर ओसरतो, आणि मोठ्या माणसाला वर्षानुवर्षं द्यायचा आम्हाला पुरेसा अनुभव नाही. हार्मोन किती द्यायचं, काय जपायचं, हे आम्हाला माहीत आहे. आणि ऐका, जादू होणार नाही. महिने लागतील."

महिने लागलेच. सुरुवातीला भावोजींच्या बोटांना सूज आली, सांधे ठणकायला लागले. डॉक्टरांनी मात्रा कमी केली. मधे एक आठवडा असा गेला की भावोजी म्हणाले, कशाला हा खटाटोप, पूर्वीचंच बरं होतं. त्या आठवड्यात ताई रोज लाँड्रीतून दुपारी फोन करायची, आणि काय बोलायचं ते न सुचून कुणाच्या शर्टाच्या खिशात काय सापडलं ते सांगायची. एका खिशात दातांची कवळी सापडली तेव्हा भावोजींनी स्वतःहून उलटा फोन केला. "मालक आला का गं न्यायला? जेवणार कसा तो?"

पैलवानाने फ्रीज रिकामा केला. बाटल्या कचऱ्यात न टाकता एका डब्यात भरून हॉस्पिटलात सिस्टरकडे नेऊन दिल्या. सिस्टरनी डबा घेतला आणि म्हणाल्या, "यातला आकडा मात्र विचारू नका." जिममध्ये कुजबुज झाली. दोन-तीन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. एक बँकेतले साहेब हट्टाला पेटले, की तुम्हीच तर वर्षभर गुण गात होतात, आता काय झालं?

"गात होतो खरा," पैलवान म्हणाला. "पण मला चालच माहीत होती, शब्द माहीत नव्हते. तुम्हाला थकवा येतो ना? आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासा. काही निघालं तर औषध तिथेच मिळेल. काही नाही निघालं तर इथे या, मी तुमचा घाम काढतो."

रोज सकाळी तो भावोजींना चालायला न्यायचा. आधी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, मग पोस्टापर्यंत. परत आल्यावर खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला टेकून हात ढकलणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं. भावोजी धापा टाकत म्हणायचे, "एवढ्या मोठ्या जिमचा मालक तू, आणि मला खुर्चीवरून उठायला शिकवतोयस." ताईही आता त्याच्याशी बोलायला लागली होती. सुरुवात अर्थातच ओरडण्याने झाली. चिखलाच्या बुटांनी तो थेट स्वयंपाकघरात शिरला होता.

असेच दिवस चालले होते. एका रविवारी पैलवान नेहमीप्रमाणे सकाळी घरी आला. हातात केळ्यांचा घड. बेल वाजवली. कुणी दार उघडलं नाही. पुन्हा वाजवली. मग बघतो तर बाहेरून कुलूप.

भावोजींना काही झालं का? हॉस्पिटल? त्याने ताईला फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला. मग तिने उचलला, आणि आधी नुसता वारा ऐकू आला.

"ताई! कुठे आहेस? भावोजी बरे आहेत ना?"

"अरे, ओरडतोस काय? आम्ही नदीवर आलोय."

"नदीवर? का?"

"मला काय माहीत! यांनी पहाटे उठवलं. म्हणाले, चल, बाहेर पडू. मी म्हटलं, अहो, चहा तरी? तर म्हणे, तिकडेच घेऊ. आता होडी भाड्याने घ्यायची म्हणताहेत. तू सांग बाबा यांना काहीतरी, मला पोहता येत नाही."

मागून भावोजींचा आवाज आला, मोठा, हसरा. "त्याला सांग, आज सुट्टी! मास्तरांनाही सुट्टी लागते म्हणावं!"

"ऐकलंस?" ताई म्हणाली. ती हसत होती, आणि हसता हसता तिला धड बोलता येत नव्हतं. "ठेवते रे. हे चालले बघ एकटेच होडीकडे. अहो! थांबा की!"

फोन बंद झाला. पैलवान जिन्याच्या पायरीवर बसला. वरच्या मजल्यावरच्या बाई दुधाची पिशवी घेऊन जाताना थबकल्या. "काय हो, इथे का बसलात? घरात नाहीत का?"

"नाहीत ना," पैलवान म्हणाला. "फिरायला गेलेत दोघं. मला न सांगता!"

एवढ्या आनंदाने तक्रार करणारा माणूस त्या बाईंनी बघितला नव्हता. त्याने घडातलं एक केळं त्यांच्या हातात दिलं, एक स्वतः सोललं, आणि तोंड भरलेलं असतानाच जिम उघडायला निघाला.